आमच्या घरचा जपानी लेखनिक

तो पहिल्या फटक्यात काहीच कायम करत नाही. मी बटण दाबते, अक्षर पडद्यावर येतं, पण त्याच्या पायाशी तुटक रेघ असते. ती रेघ आहे तोवर त्याच्या लेखी काही ठरलेलं नाही. स्पेसबार दाबला की तो पहिला पर्याय पुढे करतो. तो पटला नाही तर पुन्हा दाबायचा. मग लहानशी खिडकी उघडून तो एकाखाली एक, क्रमांक घालून, माहीत असलेले सगळे पर्याय मांडतो आणि थांबतो. एन्टर दाबलं की रेघ जाते. कितीही वेळ लागला तरी तो स्वतःहून ती रेघ पुसत नाही. त्याचा हा स्वभाव मला फार आवडतो.

यंत्रवाले त्याला आयएमई म्हणतात, म्हणजे इनपुट मेथड एडिटर. मी त्याला लेखनिक म्हणते. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात आमचं घर आहे आणि त्या घरातल्या लॅपटॉपमध्ये त्याचा मुक्काम. मी मूळची पुण्याची. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले आणि लग्न होऊन तंजावरी मराठी घरात आले. व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी आलेल्या मराठी माणसांना इथे आता साडेतीनशे वर्षं होत आली. सासरी घरात मराठी, दारात तमिळ. माझं पोट जपानीवर: यंत्रांची माहितीपत्रकं, करारनामे, दुरुस्तीच्या पुस्तिका. चेन्नईजवळच्या ओरगडम आणि श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात जपानी कारखाने आल्यापासून या कामाला तोटा नाही. लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात तीन भाषा नांदतात. तमिळसाठी १९९९ साली राज्य सरकारने प्रमाण ठरवलेला तमिळ-९९ कळफलक, मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि जपानीसाठी हा.

पहिल्या दोघांशी व्यवहार सरळ असतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’चं बटण दाबलं की ‘क’ येतो, त्याखाली उकार द्यायचा तर उकाराचं बटण. मागावं तेच मिळतं. जपानीत बटणावर मावणारं लेखन नाही. हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनिलिप्यांत शेचाळीस-शेचाळीस मूळ अक्षरं, आणि त्यांच्या जोडीला कांजी, म्हणजे चीनहून आलेली अर्थचिन्हं. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने मान्य केलेल्या कांजींचीच संख्या २०१०पासून २,१३६ आहे. त्यामुळे मी रोमन बटणांवर नुसता उच्चार सांगते. के-ए म्हटलं की ‘का’. मग त्या उच्चाराला कुठली कांजी, हे तो शोधतो. ऐकणं त्याचं काम, निवडणं माझं.

उच्चार सारखा आणि चिन्हं वेगळी असे शब्द जपानीत खच्चून भरलेत. त्याची परीक्षा घ्यायला जपानात एक वाक्य फार दिवसांपासून चालत आलंय: किशा नो किशा गा किशा दे किशा शिता. तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने कंपनीत परतला. चार वेळा किशा, चारही वेळा चिन्हं वेगळी. आताचा लेखनिक हे वाक्य सहसा बिनचूक उतरवतो, कारण तो एकेक शब्द सुटा धरत नाही. मागेपुढे काय आहे ते पाहतो.

माझ्या कामात मात्र खरी कसोटी असल्या गमतीच्या वाक्यांची नसते. ‘होशो’ घ्या. याच उच्चाराचे तीन शब्द करारनाम्यात हटकून भेटतात. एकाचा अर्थ हमी: यंत्र इतकी वर्षं नीट चालेल. दुसऱ्याचा अर्थ संरक्षण, सुरक्षिततेची तजवीज. तिसऱ्याचा अर्थ नुकसानभरपाई. हमीच्या कलमात भरपाईचं चिन्ह गेलं तर कारखान्यावर पैशांचा बोजा चढतो, आणि वाचणाऱ्याला संशय यायचं कारण नाही, कारण मोठ्याने वाचलं तर कानाला दोन्ही एकच. लेखनिक तिघांनाही खिडकीत उभं करतो आणि बाजूला बारीक अक्षरात प्रत्येकाचा वापरही सांगतो. कलम हमीचं आहे की भरपाईचं, हे मात्र मूळ मजकूर समजलेल्या माणसानेच ठरवायचं. नवशिक्यांना मी सांगते की कांजी हाताने लिहिता आली नाही तर एक वेळ चालेल, पण यादीत दिसल्यावर ओळखता आलीच पाहिजे. जो जपानी जाणतो त्याच्या हाताखाली हा उत्तम काम करतो. न जाणणाऱ्याच्या हातून तो दिसायला निर्दोष आणि अर्थाने घातक मजकूर बाहेर काढेल.

त्याची स्मरणशक्ती जबर आहे. ‘सादो’ म्हटलं की यंत्राचं चालू होणं हाही अर्थ निघतो आणि चहाचा पारंपरिक विधी हाही. काही आठवडे पंपांच्या पुस्तिका केल्या की यंत्र चालू होणं आपोआप यादीत वर सरकतं आणि चहा खाली बसतो. माझ्या लॅपटॉपमधला यादीक्रम पाहून कुणी जाणकार सांगू शकेल की ही बाई काय काम करते, कुणाला पत्रं लिहिते, कशाबद्दल फारसं बोलत नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या यंत्रावर बसलं की काम अडखळतं. तिथला लेखनिक तितकाच शिकलेला असतो, पण तो दुसऱ्या घरचा असतो.

आमचा पत्ता शिकायला त्याला वेळ लागला. ‘कुंबाकोनामु’ असं म्हणावं लागतं, कारण जपानीत ‘म्’वर शब्द संपत नाही. हे नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. अनोळखी शब्द आला की तो त्यात ओळखीचे तुकडे शोधतो. ‘कोना’ म्हणजे पीठ. आमच्या गावाच्या पोटात त्याने पिठाचं चिन्ह बसवून दिलं. परदेशी नाव काताकानात लिहायचं असतं, त्यासाठी वरच्या ओळीतलं एफ-सात दाबलं की सगळा शब्द तसा फिरतो. मेलकावेरीचं निराळंच. जपानीत ‘ल’ नाही, ‘र’च. सवयीने एल-ए दाबलं तर ‘ला’ येत नाही, बुटका ‘आ’ येतो, कारण एलचं बटण त्याच्याकडे लहान आकाराची अक्षरं मागवायला राखून ठेवलंय. दीर्घ स्वरासाठी मधल्या आडव्या रेघेचं बटण. मग मे, रेघ, रा, का, रेघ, वे, रेघ, री अशी जुळणी केली आणि ती त्याच्या शब्दकोशात नोंदवून टाकली. आता पहिली दोन अक्षरं टिपली की पिनकोडसकट पत्ता हजर होतो.

हल्ली हे सगळं बसवायला काही लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा जोडायची, काही मिनिटांत तो उतरतो आणि विंडोज व स्पेसबार एकदम दाबले की भाषा बदलते. जपानी कळफलकावर लिपी बदलायचं खास बटण डाव्या कोपऱ्यात असतं. आपल्याकडच्या कळफलकावर ते नाही, म्हणून ऑल्ट धरून त्या जागचं टिल्डचं बटण दाबायचं. एवढंच लक्षात ठेवायचं.

पुण्यात शिकत होते तेव्हा घरी विंडोज एक्सपी होतं. त्यात प्रादेशिक भाषांच्या पानावर दोन चौकटी एकीखाली एक होत्या. वरची जोडाक्षरांच्या आणि उजवीकडून लिहायच्या लिप्यांसाठी. तिच्यात खूण केल्यावर देवनागरी नीट दिसायची. खालची पूर्व आशियाई भाषांसाठी. तिला किमान २३० एमबी जागा लागायची आणि ती मूळ सीडी मागायची. वर्गातल्या बऱ्याच जणांकडे यंत्र जोडून देणाऱ्याने सीडी दिलेली नसायची, मग एकच सीडी घरोघर फिरायची. मराठीची आणि जपानीची चौकट अशा शेजारी असलेल्या पाहून तेव्हा मला बरं वाटलं होतं. या यंत्राच्या मूळ आराखड्यात आपण दोघेही धरलेलो नव्हतो, दोघांनाही खूण करूनच आत यावं लागत होतं.

सीडी घातली तरी काम संपत नसे. जपानहून आलेलं पत्र उघडावं तर रोमन अक्षरांवर टिंबं, टोप्या आणि मिशा असलेला कचरा दिसायचा. जपान्यांनी एकेका चिन्हाला दोन-दोन बाइट दिलेले, आणि आपलं यंत्र प्रत्येक बाइट सुटं वाचून त्याला युरोपातलं अक्षर समजायचं. मेन्यूत जाऊन ‘जपानी’ निवडलं की त्याच कचऱ्यातून पानभर सुंदर मजकूर उमटायचा. मजकूर पहिल्यापासून शाबूतच असायचा, वाचण्याचा नियम तेवढा चुकलेला असायचा. काही शब्दांची गोची आणखी बारीक होती. शिफ्ट-जेआयएस नावाच्या त्या पद्धतीत काही चिन्हांचा दुसरा बाइट उलट्या तिरप्या रेघेचाच निघतो. फायलीचा पत्ता लिहायला यंत्र तीच रेघ वापरतं, त्यामुळे अशा चिन्हाचं फायलीला नाव दिलं की काही प्रोग्रॅम मध्येच अडकत. जपानी यंत्रांवर ती रेघ दिसतही नाही. तिथे येनचं चिन्ह दिसतं, कारण १९६९च्या जपानी मानकात ती जागा येनला दिली गेली.

युनिकोडने हे बरंचसं निस्तरलं, पण एक बोच राहिली. चिनी आणि जपानी लेखनात किंचित वेगळी काढली जाणारी चिन्हं युनिकोडने एकाच क्रमांकावर बसवली. ‘सरळ’, ‘हाड’ असल्या साध्या शब्दांची चिन्हं चिनी फॉन्टमध्ये उघडली की वळण बदलतं. अर्थ कळतो, पण जपानी ग्राहकाच्या नजरेला ते पान परकं वाटतं. म्हणून जपानी फॉन्ट यंत्रात असावेच लागतात आणि मजकुरावर जपानीचा शिक्का मारावाच लागतो. विंडोज १०मध्ये मिंचो घराण्याचे फॉन्ट जादा भाग म्हणून वेगळे उतरवून घ्यावे लागतात. ते नसले तर दुसराच फॉन्ट त्यांच्या जागी बसतो, ओळी सरकतात आणि सहा पानांची पुस्तिका सात पानांची होते. या कामात फॉन्ट म्हणजे हौस नव्हे.

आता लेखनिकाच्या घराण्याविषयी. त्याच्या आधी जपानात जे टंकलेखन यंत्र होतं त्याला कळफलकच नव्हता. क्योता सुगिमोतो यांनी १९१५ साली पेटंट घेतलेल्या त्या यंत्रात सुमारे २,४०० खिळे ट्रेमध्ये मांडलेले असत. टंकलेखिका हवा तो खिळा शोधून एकेक उचलून कागदावर ठोकत असे. उच्चार सांगून कांजी मिळवायची युक्ती बाजारात आणली तोशिबाच्या केनइची मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २६ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांनी जाहीर केलेलं जेडब्ल्यू-१० हे यंत्र टेबलाएवढं होतं, वजन २२० किलो, किंमत ६३ लाख येन. आमच्या लेखनिकाचा हा मूळपुरुष. पुढे तोकुशिमासारख्या आडबाजूच्या शहरातल्या उकिगावा पतीपत्नींनी १९७९मध्ये काढलेल्या जस्टसिस्टिम या कंपनीने त्याला घरगुती संगणकात आणलं. त्यांच्या एटॉक या लेखनिकाचे निष्ठावंत आजही आहेत.

याच १९७८ साली जपानने यंत्रांसाठी कांजींची पहिली मानक यादी बांधली. तीत ६,३४९ कांजी घेतल्या. ग्रामनामांच्या सूचीतूनही चिन्हं उचलली, आणि त्यात काही अशी शिरली की ज्यांचा उच्चारही कुणाला सांगता येईना. १९९७च्या फेरतपासणीच्या वेळी त्यांचा माग काढला गेला. एक चिन्ह असं: वर डोंगर, खाली बाई आणि मधोमध आडवी रेघ. शिगा प्रांतातल्या एका वस्तीच्या नावात डोंगर आणि बाई एवढंच चिन्ह आहे. सूची तयार करताना ‘डोंगर’ आणि ‘बाई’ अशा दोन चिठ्ठ्या कापून एकाखाली एक चिकटवल्या होत्या. चिठ्ठीच्या कडेची सावली छायाप्रतीत उतरली आणि नक्कल करणाऱ्याने ती रेघ समजून गिरवली. ती सावली आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे. आणखी एका चिन्हाचा उगम तर अजूनही सापडलेला नाही. जपानी लोक यांना भुतांची अक्षरं म्हणतात. एकदा मानकात शिरलेलं काढता येत नाही, कारण कुणीतरी कुठेतरी वापरलं असेल तर त्याचा मजकूर मोडेल. मला हा नियम योग्य वाटतो. लिपीच्या बाबतीत जास्तीचं भूत परवडतं, हरवलेलं अक्षर परवडत नाही.

१९७८ आणखी एका कारणाने मला जवळचं. नोबोरू काराशिमा हे जपानी इतिहासकार तरुणपणी मद्रास विद्यापीठात शिकले आणि आयुष्यभर कावेरीकाठचे चोळांचे शिलालेख वाचत राहिले. सुब्बरायलू आणि मात्सुई यांच्या साथीने त्यांनी केलेली चोळ शिलालेखांतल्या नावांची तीन खंडांची सूची त्याच वर्षी निघाली. जपानात आपली अक्षरं यंत्रात बसवायची खटपट चालू होती, आणि इथल्या देवळांच्या भिंतींवरची नावं एक जपानी माणूस ओळीने लावत होता. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कांजींच्या त्या मानक यादीतल्या पहिल्या २,९६५ कांजी उच्चाराप्रमाणे लावल्यात, आणि तो क्रम आपल्या घरचा आहे. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘सा’ची ओळ आपल्या चवर्गाच्या जागी, ‘हा’ची पवर्गाच्या जागी, कारण जुन्या जपानीत ‘हा’ हा ‘पा’ होता. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकले, त्या अभ्यासातून वर्णमालेची ही शिस्त जपानीला लाभली. कोयासानचा मठ वसवणारे कूकाई ८०६मध्ये चीनहून परतले ते सिद्धम् घेऊनच. त्याआधी ७३६मध्ये बोधिसेन नावाचा भिक्षू जपानात उतरला होता. परंपरा त्याला दक्षिण भारतातला मानते. नाराच्या महाबुद्धाचे डोळे ७५२ साली त्याच्या हातून उघडले गेले. लेखनिकाच्या शब्दकोशात शब्द आ-का-सा-ताच्या ओळीने लावलेले पाहिले की तो मला पाहुणा वाटत नाही.

माझे सासरे अप्पा निवृत्त झाल्यापासून घरातले मोडी कागद लावायला बसले आहेत. जमिनीचे, देवळाच्या नेमणुकीचे, उसनवारीचे. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी दफ्तराचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, त्यापुढे आमचे कागद म्हणजे मूठभर. एकदा त्यांनी विचारलं, “तुझा तो जपानी लिहितो, मग आपली मोडी का नाही लिहीत?” प्रश्न रास्त होता. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४च्या जूनमध्ये, आवृत्ती ७.०मध्ये, इथल्या ग्रंथ लिपीलाही त्याच आवृत्तीत. नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो, तो उतरवून घेतल्यावर रिकाम्या चौकटींच्या जागी अक्षरं दिसू लागली. पण लॅपटॉपमध्ये मोडीचा कळफलक नव्हता, आणि उच्चार ऐकून मोडी शब्द सुचवणारं तर काहीच नव्हतं. जपानीच्या मागे सरकारचं मानक, कंपन्यांचा पैसा आणि रोज लिहिणारी कोट्यवधी माणसं उभी राहिली. मोडीच्या मागे थोडे अभ्यासक आणि अप्पांसारखी माणसं आहेत.

ज्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, त्यांनीच तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखानाही घातला, आणि १८०६मध्ये तिथे इसापाच्या गोष्टींची ‘बालबोधमुक्तावली’ मराठीत छापली. यंत्रातून मराठी काढायचं काम या मुलुखात दोनशे वर्षांपूर्वी झालेलं आहे, हे अप्पांना ठाऊक होतं. म्हणून ते हटून बसले.

वाट दाखवली ती लेखनिकानेच. त्याच्या शब्दकोशात नवा शब्द नोंदवताना उच्चार हिरागानात द्यावा लागतो, पण त्या उच्चारापुढे काय उमटावं यावर त्याची अट नाही. कुठलंही युनिकोड अक्षर चालतं. मी ‘राजुशुरी’ असा उच्चार दिला आणि पुढे मोडीतलं ‘राजश्री’ चिकटवलं. पर्यायांच्या खिडकीत अजूनही चौकटीच दिसतात, कारण तिथे मोडी फॉन्ट लागत नाही. दस्तऐवजात फॉन्ट बदलला की शब्द नीट दिसतो. टाकाने सलग लिहिलेल्या मोडीचा झोक त्यात नाही, अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. पण नकलेला तेवढं पुरतं.

त्यामुळे सध्या संध्याकाळी माझं भाषांतर आटोपलं की अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसतात. कागदात वारंवार येणारे शब्द ते वाचून दाखवतात, मी जपानी उच्चार बांधून नोंदवते. ‘राजश्री’, ‘साष्टांग’, ‘तपशील’, ‘बेरीज’ झाले. ‘ळ’ असलेल्या शब्दांना काय उच्चार द्यायचा यावर आमचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, लहान अक्षरासाठी राखलेलं एलचं बटण ‘ळ’ला द्यावं, माझं म्हणणं, त्याने जपानी कामात घोटाळा होईल. तोवर ते शब्द वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवले आहेत.